आईची आठवड्याची गोळी आणि केमिस्टने विचारलेला एक प्रश्न

गोदाकाठ

लिहू की नको, यातच दोन महिने गेले. आई आता घरात हिंडती-फिरती झाली आहे, म्हणून आज लिहायला बसले.

आईला अकरा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. त्यासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे. हेच औषध कॅन्सरमध्ये मोठ्या डोसात देतात. संधिवातात मात्र अगदी थोडं, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. इतर दिवशी त्याच्या दुष्परिणामांवर उतारा म्हणून फॉलिक अॅसिड. आईच्या दोन्ही गोळ्या पिवळ्या आणि बारीक, तळहातावर शेजारी ठेवल्या तर मलाही चटकन ओळखू येत नाहीत. आमच्याकडे मेथोट्रेक्सेटचा वार मंगळवार.

बाथरूममध्ये पाय घसरून आईचं मनगट मोडलं. एका खाजगी रुग्णालयात प्लेट बसवली, चार दिवसांनी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर आधीपासूनची औषधंही लिहिलेली होती, पण टाइप करताना दोन ओळींची अदलाबदल झाली. मेथोट्रेक्सेटपुढे १-०-०, म्हणजे रोज सकाळी एक, आणि फॉलिक अॅसिडपुढे आठवड्यातून एकदा.

बाबांनी विचारलं होतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. औषधांच्या खिडकीवर त्यांनी कार्ड दाखवून विचारलं, "ही तर मंगळवारची गोळी, रोज कशी?" पलीकडून उत्तर आलं, "डॉक्टरांनी लिहिलंय तसं द्या काका." मागे रांग होती. बाबा बाजूला झाले. घरी येऊन मला म्हणाले, "मोठ्या डॉक्टरांनी बदललं असेल." आणि गोळ्यांचा डबा मी भरला. सातही खणांत.

पाचव्या दिवशी आईचं तोंड आलं. आम्हाला वाटलं, अँटिबायोटिकची उष्णता. जाईची पानं चघळायला दिली, तूप लावलं, सब्जा भिजवला. आठव्या दिवशी तिला पाणीसुद्धा गिळवेना आणि अंगात ताप. नवव्या दिवशी पट्टीत एकच गोळी उरली म्हणून बाबा कोपऱ्यावरच्या नेहमीच्या दुकानात गेले. तिथला मुलगा पट्टी काढता काढता थांबला. "काका, दहाची पट्टी तुम्हाला दहा आठवडे पुरते. इतक्यात संपली कशी?"

त्याने पट्टी दिली नाही. दुकानातूनच आईच्या संधिवाताच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, गोळी बंद करा आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. पांढऱ्या पेशी १,१००, प्लेटलेट २८,०००, दोन्ही फारच कमी. मग वेगळी खोली, फॉलिनिक अॅसिडची (मेथोट्रेक्सेटवरच्या उताऱ्याची) इंजेक्शनं, पेशी वाढवायची इंजेक्शनं, बारा दिवस. आई वाचली.

कुणावर दात धरून मी हे लिहीत नाही. मला एवढंच समजून घ्यायचंय की बाबांचा प्रश्न आणि त्या मुलाचा प्रश्न एकच होता, तरी एक हवेत विरला आणि दुसऱ्याने आईचा जीव वाचवला. इथे डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट मंडळी आहेत. सांगा, अशी चूक अडते कुठे?

केतकी_२२

अंगावर काटा आला. आजीलाही हीच गोळी आहे. आत्ता उठून तिचा डबा बघून आले, बरोबर आहे. आईंना लवकर ताकद येऊ दे.

रातपाळी

ताई, तुमचे बाबा खिडकीवरून बाजूला झाले, तिथे मी दोनदा थांबले. मी सरकारी रुग्णालयात १९ वर्षं सिस्टर आहे. चूक कशी होते हे आतून सांगते.

आमच्या वॉर्डात एकदा शेजारशेजारच्या खाटांवर दोन सुमनबाई होत्या. एक पित्ताशयाच्या, एक शुगरच्या. नवीन मुलगी इंजेक्शन घेऊन आली आणि विचारलं, "सुमनबाई ना तुम्ही?" म्हातारीला कमी ऐकू येत होतं, ती मान हलवून हो म्हणाली. पेशंट नेहमी हो म्हणतो. सिस्टरला नाही कसं म्हणायचं! मी पलीकडच्या खाटेपाशी होते म्हणून हात धरला. तेव्हापासून माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी हेच शिकवते: पेशंटला नाव सांगायचं नाही, विचारायचं. "पूर्ण नाव काय तुमचं?" त्याच्या तोंडून आलेलं नाव केसपेपरवरच्या नावाशी आणि नंबरशी जुळवायचं. नुसत्या खाट नंबरवर तर कधीच जायचं नाही, खाटा रात्रीत बदलतात.

दुसरं पोटॅशियम क्लोराइडचं. ती अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची काचेची छोटी कुपी, हातात घेतली तर आत पाणीच दिसतं, आणि शेजारच्या निर्जंतुक पाण्याच्या अँप्यूलमध्येही पाणीच दिसतं. पोटॅशियम सलाइनमध्ये मिसळून हळूहळू द्यायचं असतं. सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. रात्री तीनला, एकटीकडे ३५ पेशंट असताना, "नीट वाचून घ्या" एवढ्या सूचनेवर कुणाचा जीव टांगून ठेवता येत नाही. आम्ही ती अँप्यूल ट्रॉलीतून काढली आणि वेगळ्या कपाटात कुलूपबंद केली. आता घ्यायची तर चावी मागावी लागते, आणि चावी मागताना दुसरी सिस्टर विचारते, "कुणाला? किती?"

फोनवरच्या ऑर्डरींचंही तेच. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात. मी विचारते, "सर, एक-पाच की पाच-शून्य?" आणि लिहून घेतलेलं परत वाचून दाखवते. काही डॉक्टर चिडायचे, आता सवय झाली आहे.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. विचारणाऱ्याला थांबून ऐकून घेणारं माणूस तिथे असेल तर चूक अडते. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता, पण थांबायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि मागे रांग होती.

पेठेतला_केमिस्ट

त्या मुलाला माझा नमस्कार सांगा. पट्टी विकून मोकळं होणं सोपं होतं.

आमच्या धंद्यात नेहमी दिसणाऱ्या गोष्टी सांगतो. चिठ्ठीवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे लागली तरच. गिऱ्हाइकाला यातलं एकही ठाऊक नसतं आणि विचारायला लाज वाटते. मी पाकिटावर मराठीत "रात्री जेवल्यावर" असं लिहून देतो. आठवड्याच्या गोळीवर वार लिहितो, अक्षरी. 'आठवड्यातून १' यातला 'आठवड्यातून' घाईत निसटतो आणि १ तेवढा डोक्यात राहतो. 'मंगळवारी' असा निसटत नाही.

हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांबद्दल नियम आहे. औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, हे २०१६ पासून वैद्यक परिषदेच्या नियमांत आहे. अजूनही अशा चिठ्ठ्या येतात की नाव अंदाजाने लावावं लागतं. मी अंदाज लावत नाही, फोन करतो. ५ ऐवजी ५.० लिहिलं आणि टिंब पुसट आलं, तर ५० होतात. युनिटसाठी नुसता इंग्रजी यू लिहिला तर तो शून्यासारखा दिसतो, आणि दहा युनिटांचे शंभर होतात.

आता इन्सुलिन. हे घराघरात आहे म्हणून कळकळीने सांगतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत एका मिलीत ४० युनिट असतात, पेनच्या काडतुसात १००. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या हिशेबाची, नारिंगी टोपणाची १०० ची. पेन बिघडलं की लोक काडतुसात लाल टोपणाची सुई घालून औषध काढतात. २० च्या रेघेपर्यंत भरलं की वाटतं २० युनिट घेतले. जातं अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट! अडीचपट. माणूस रात्री झोपतो आणि सकाळी उठवलं तरी उठत नाही. पेन बिघडलं तर दुकानात या, काहीही जुगाड करू नका.

रानजाई

सगळं वाचलं. चांगलं लिहिताय सगळे. पण मला थोडं वेगळं बोलायचंय आणि ते कडू लागेल.

माझ्या वडिलांना पेनिसिलिनची अॅलर्जी होती. त्याच रुग्णालयाच्या जुन्या फाइलवर लाल पेनाने लिहिलेलं होतं. मी तोंडी सांगितलं होतं, भावानेही. तरी कॅज्युअल्टीत त्याच कुळातलं इंजेक्शन दिलं गेलं. वीस मिनिटांत बाबा गेले. आम्हाला सांगितलं, हार्ट अॅटॅक. फाइल मागितली तर दोन महिने आज-उद्या चाललं. इंजेक्शनचं नाव आम्हाला बिलातून कळलं.

मी कोर्टात जाणार नव्हते. नेमकं काय झालं ते कुणीतरी समोर बसून खरं सांगावं, एवढंच हवं होतं. व्यवस्थेची चूक, व्यवस्थेची चूक म्हणत गेलं की माणूस त्यामागे लपतो. माझ्या घरात त्या वीस मिनिटांचा विषय निघाला की आई अजून उठून स्वयंपाकघरात जाते. तिला काय सांगू, व्यवस्था चुकली?

रातपाळी

रानजाई, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. तुमच्याशी खोटं बोललं गेलं. चूक कुणाच्याही हातून होईल, खोटं बोलायचं मात्र ठरवावं लागतं. तुमच्या बाबांबद्दल फार वाईट वाटलं.

आतली बाजू एवढीच सांगते की चूक कबूल केली तर पहिला बळी सिस्टरचा जातो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून "जरा हुकलं होतं, थोडक्यात वाचलं" हेही कुणी नोंदवत नाही. आणि थोडक्यात वाचलेल्याची नोंद नसली की पुढच्या वेळी थोडक्यात वाचत नाही.

पैनगंगा

मी भूलतज्ज्ञ, यवतमाळ जिल्ह्यातला. रानजाई यांचं दुःख आणि रातपाळी सिस्टरांचं म्हणणं या दोन्हींशी जोडलेली आमच्याच जिल्ह्यातली घटना सांगतो. ३१ जानेवारी २०२१, पोलिओ रविवार. घाटंजी तालुक्यात १२ लहान मुलांना डोसाऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. उलट्या सुरू झाल्या, मुलांना दाखल करावं लागलं, सगळी वाचली. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली आणि बातमी तिथे संपली. पण कोविडच्या त्या दिवसांत सॅनिटायझरची बाटली प्रत्येक टेबलावर होती. कारवाईने माणूस हलतो, टेबलावरची बाटली तिथेच राहते. लसीच्या टेबलावर लसीखेरीज दुसरं काहीही ठेवायचं नाही, हा नियम आमच्याकडे मी तेव्हापासून लावून धरला.

आता ऑपरेशन थिएटरमधलं. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली ते डॉ. अतुल गवांदे जन्माने अमेरिकन, पण त्यांचे वडील आमच्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. त्या यादीत १९ मुद्दे आहेत आणि तीन थांबे: भूल देण्याआधी, पहिली चीर घेण्याआधी, आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीचं एक होतं. २००९ च्या सुरुवातीला निकाल छापून आले. मोठी गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर आली, मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. त्यासाठी नवीन मशीन लागलं नाही, महाग औषध लागलं नाही.

लोकांना वाटतं, कागदावर बरोबरच्या खुणा करायच्या, झालं. यादीतला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा मुद्दा म्हणजे चीर घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. सुरुवातीला आमचे सर्जन वैतागले, "रोजचेच तर आहोत!" पण एकदा तोंड उघडलेलं माणूस दुसऱ्यांदा सहज उघडतं. मागच्या वर्षी टाके घालायच्या वेळी स्क्रब सिस्टर (ऑपरेशनची हत्यारं हाताळणारी) म्हणाली, "सर, एक मॉप कमी आहे." मॉप म्हणजे रक्त टिपायचं कापड. सर्जनना खात्री होती की मोजण्यात चूक झाली. तिने पुन्हा मोजले, पुन्हा एक कमी. ती परत म्हणाली, आवाज थरथरत होता, पण म्हणाली. मॉप यकृताच्या मागे सापडला. ती मुलगी नोकरीला लागून सहा महिने झाले होते. पूर्वी तिने नाव सांगितलं नसतं, आणि दुसऱ्यांदा बोललीही नसती असं मला मनापासून वाटतं.

चेकलिस्ट गुपचूप, एकट्याने, ऑपरेशन झाल्यावर भरायची पद्धतही मी पाहिली आहे. तशी भरायची असेल तर तो कागद फाडलेला बरा.

लीड्सकर

मी इथे इंग्लंडमध्ये रुग्णालयात फार्मासिस्ट आहे, माहेर सांगली. गोदाकाठ ताई, तुमच्या आईंचं झालं तीच गल्लत इथेही झाली आहे. २००० साली केंब्रिजशायरमध्ये मेथोट्रेक्सेट रोज घेतलं जाऊन एका रुग्णाचा मृत्यू झाला, त्याची चौकशी होऊन अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतर एकेक गोष्ट बदलत गेली. संधिवातासाठी शक्यतो २.५ मिलिग्रॅमचीच गोळी द्यायची, १० ची नाही, म्हणजे दोन ताकदींची सरमिसळ होत नाही. २०२० पासून चिठ्ठीवर घ्यायचा वार लिहायला सांगितलंय, सोबत पेशंटचं कार्ड असतं. आणि कधीच घडू नयेत अशा घटनांची इथे अधिकृत यादी आहे, त्यात कॅन्सर नसलेल्या रुग्णाला मेथोट्रेक्सेटचा जादा डोस ही गोष्ट नावानिशी आहे. इतकं करूनही चुका पूर्ण थांबलेल्या नाहीत.

रानजाई, तुमच्यासाठी एक. इंग्लंडमधल्या रुग्णालयांना २०१४ पासून कायद्याने बंधन आहे की उपचारात रुग्णाला गंभीर इजा झाली तर त्याला किंवा घरच्यांना समोर बसून काय झालं ते सांगायचं, माफी मागायची आणि नंतर लेखी द्यायचं. माफी मागितली म्हणजे दोष कबूल केला असं धरत नाहीत. हे आपोआप आलेलं नाही, स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या हलगर्जीपणाविरुद्ध नातेवाईक वर्षानुवर्षं झगडले तेव्हा आलं.

आपल्याकडे बदलायला सगळ्यांत सोपी जागा मला दिसते ती डिस्चार्जची. दाखल होताना, वॉर्ड बदलताना आणि घरी जाताना, या तीन वेळी औषधांची यादी नव्याने लिहिली जाते आणि तिथेच ओळी हुकतात. नवी यादी जुनीच्या शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवायची. कुठलं चालू, कुठलं बंद, कुठलं बदललं आणि का. आईंच्या कार्डावर ही जुळवणी कुणी केली असती, तर दोन मिनिटांत कळलं असतं.

नोंदवही

वकील आहे, थोडक्यात लिहितो. रानजाई, वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. अर्ज लेखी करा, पोच घ्या. दाखल असलेल्या रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, त्यामुळे उशीर करू नका. ग्राहक कायद्याखाली वैद्यकीय सेवा येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो, हे २००५ च्या निकालात आहे. तुम्हाला कोर्ट नको, फक्त कागद हवेत, तर तो तुमचा हक्कच आहे.

रानजाई

अर्ज उद्याच टाकते. पोच घेईन. धन्यवाद.

गोदाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. रातपाळी सिस्टरांचं वाचताना त्यांनी दोनदा थांबवलं.

ज्या रुग्णालयात कार्डावर चूक झाली तिथे आम्ही परत गेलो होतो. ते आधी लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा माझा राग शांत झाला नव्हता. पहिल्या दिवशी "सिस्टिममध्ये तसंच आहे" एवढंच ऐकायला मिळालं. दुसऱ्यांदा त्यांच्या एका ज्येष्ठ डॉक्टरबाईंनी आम्हाला आत बसवलं, दार लावलं, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "चूक आमची आहे. तुमच्या वडिलांनी विचारलं होतं आणि आम्ही ऐकलं नाही." बाबा काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर जिन्यात बसले थोडा वेळ. रानजाई, हे तुम्हाला मिळायला हवं होतं.

बाईंनी विचारलं, तुम्ही काय सुचवाल? मी सांगितलं: आठवड्याच्या गोळीपुढे १-०-० असं लिहिताच येऊ नये, वार लिहिल्याशिवाय कार्ड छापलंच जाऊ नये. आणि खिडकीवर कुणी "हे असंच आहे का?" म्हणालं की रांग थांबवून वॉर्डात फोन जायला हवा. वार लिहायचं त्यांनी सुरू केलंय, दुसऱ्या मुलीच्या आईच्या कार्डावर मी स्वतः पाहिलं. फोनचं अजून ठाऊक नाही.

घरात आम्ही बदललं ते असं. फॉलिक अॅसिड जुन्याच डब्यात, मेथोट्रेक्सेटची पट्टी वेगळ्या स्टीलच्या डबीत, डबीवर मंगळवार. घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला बाबा गोल करतात. सगळ्या औषधांचा एका पानाचा तक्ता केलाय: नाव, कशासाठी, किती, कधी, कुणी सुरू केलं, आणि वर लाल अक्षरांत अॅलर्जी. कुठल्याही दवाखान्यात ते पान आधी टेबलावर ठेवायचं. निघताना बाबा डॉक्टरांना म्हणतात, "मी काय समजलो ते सांगतो, चुकलं तर थांबवा," आणि सगळी औषधं बोलून दाखवतात. परवा याच वाचनात डोळ्यांच्या थेंबांची गडबड सापडली. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी कार्ड बदलून दिलं.

पेठेतला_केमिस्ट

तोंड येणं, ताप, अंगावर जांभळे डाग, मेथोट्रेक्सेट चालू असताना यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना गाठायचं, हेही त्या तक्त्यावर लिहा ताई. आणि औषधाचा दुष्परिणाम झाला तर सर्वसामान्य माणूसही कळवू शकतो, राष्ट्रीय औषध-सतर्कता कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर आहे १८०० १८० ३०२४. दुकानात भिंतीवर लावलाय मी.

रातपाळी

ताई, तक्त्याचा नमुना मिळेल का? आमच्या वॉर्डातून घरी जाणाऱ्या पेशंटना कोरे छापून द्यावेत म्हणते. सोमवारी मेट्रनबाईंना दाखवेन.

गोदाकाठ

व्यक्तिगत निरोपात पाठवलाय सिस्टर. जांभळ्या डागांची ओळ घातली आहे. छापताना अक्षर मोठं ठेवा, पहिला तक्ता मी बारीक छापला होता तर बाबांना चष्मा लावूनही वाचता येत नव्हता. आणि 'कधी' या रकान्यात सकाळ-दुपार-रात्रीच्या शेजारी वाराची जागा सोडली आहे, ती काढू नका.